फोर्कच्या शोधात काळबादेवी

जुनी एमटीबी आहे, फ्रेम ठणठणीत आहे, पण पुढचा फोर्क, म्हणजे आपला चिमटा, कामातून गेलाय? सायकल भंगारात काढू नका, बॉस! शनिवारी मरीन लाइन्सला उतरा आणि हातगाड्या, कापडाचे गठ्ठे चुकवत काळबादेवीचं सायकल मार्केट गाठा. जुना फोर्क सोबत न्याच. दुकानात तोच तुमच्या वतीने बोलेल.

गोची अशी, की जुन्या एमटीबीची चाकं २६ इंची. आजचे बहुतेक चांगले फोर्क २७.५ किंवा २९ इंची चाकांचे आणि खाली जाड होत जाणाऱ्या नळीचे. तुमच्या फ्रेमला बहुधा २८.६ मिलिमीटरची सरळ नळी लागेल. रिम ब्रेक असतील, तर ते बसवायचे खुंटही हवेत. सेकंडहँड मिळाला, तर नळीची लांबी आधी मोजा; आखूड कापलेली नळी वाढवता येत नाही.

८० मिलिमीटरच्या जागी १२० चा मोह नको. सायकलचं तोंड वर उचललं जातं आणि फ्रेमवर ताण येतो. सस्पेन्शन मिळालंच नाही, तर तेवढ्याच उंचीचा साधा स्टीलचा फोर्क घ्या. वेल्डिंगचा जुगाड मात्र अजिबात नको. घाट उतरताना ब्रेक दाबला, की सगळा भार याच चिमट्यावर येतो!