आषाढातला कडा, चैत्रातली विहीर

बोईसर,
आषाढ शुद्ध दशमी

प्रिय ताई,


पत्र मिळालं. तुमच्या भिशीतल्या आठ-दहा जणींना पावसाळ्यात इकडे यायचंय आणि एका दिवसात ‘ज्वालामुखीचे डोंगर आणि धबधबे’ बघून होतील का, असं तू विचारलंयस. होतील. जव्हारपर्यंत गाडीनं जायचं, एक धबधबा नीट पाहायचा आणि दिवेलागणीला परत फिरायचं. दोन-चार ठिकाणं मात्र एकाच दिवसात कोंबू नका. आणि पाड्यावरचा माणूस सोबत घेतल्याशिवाय कड्याकडे पाऊल टाकू नका. हे पत्र मुख्यतः एवढ्याचसाठी लिहितोय.

बोईसर म्हटलं की लोकांना आठवतात औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या आणि तारापूरचं अणुवीज केंद्र. त्या केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागल्या, देशातल्या पहिल्या. पण तुमची सहल खरं तर इथल्या किनाऱ्यावरच सुरू होते. चिंचणीला किंवा नांदगावला ओहोटी लागली की काळा कातळ उघडा पडतो, आणि जव्हारच्या कड्यावर दिसणारा दगडही त्याच कुळातला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एखाद्या शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून तो उसळला नाही. भेगांतून वाहत आला, पसरला, थिजला, मग त्याच्यावर पुढचा थर आला. असं पुन्हा पुन्हा होत राहिलं. आज त्यातला सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश उरला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावर वसला आहे. सह्याद्री म्हणजे या थरांची चळत.

किनाऱ्याकडे येताना हे थर समुद्राच्या बाजूला कलत जातात. हिंदुस्थानचा भूखंड पश्चिमेकडच्या जमिनीपासून तुटून वेगळा झाला, त्या ताणाची ही खूण. याच पट्ट्यात गरम पाण्याचे झरेही आहेत. पालघर तालुक्यात सातिवली आणि कोकनेर, जरा दक्षिणेला तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. जमिनीखाली अजून लाव्हा धगधगतोय, असं इथले कितीतरी लोक सांगतात. तसं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हाही ज्वालामुखीच्या अफवा उठल्या होत्या. घाबरून लोक रात्री अंगणात झोपत होते. इथे कुठलाही ज्वालामुखी जिवंत नाही, हे तुमच्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेव.

रस्ता मनोरवरून. महामार्ग सोडून विक्रमगडच्या दिशेनं वळलात की अर्ध्या तासात हवा बदलते. पालघर ते जव्हार साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, पण घाईनं जाण्याचा रस्ता नव्हे. आत्ता सगळीकडे लावणी चालू आहे. आवणातली रोपं उपटून जुड्या बांधणाऱ्या बायका, गुडघाभर चिखलात नांगर, बांधावर मुलं. वरकस उतारावर नागली आणि वरई. वाटेत सूर्या नदीचा मुलूख लागतो. या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी तारापूरच्या कारखान्यांना, बोईसर-पालघरला आणि पार वसई-विरारला जातं. माझ्या घरच्या नळाचं पाणीही या डोंगरातूनच येतं. गाडीतल्या सगळ्यांना हे इथेच सांग. पुढचं पाहणं त्यानं बदलेल.

जव्हार गाव साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मुकणे घराण्याचं हे महादेव कोळ्यांचं राज्य. जयबा मुकणे त्याचा मूळपुरुष, आणि १३४३ साली दिल्लीच्या सुलतानानं त्याच्या मुलाला राजा म्हणून मान्यता दिली, असं सांगतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. जयविलास राजवाडा अजून उभा आहे. शिरपामाळावरही जा. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजाला त्यांनी शिरपेच दिला, अशी इथली परंपरा आहे. पण राजवाड्यात दुपार घालवू नका. दुपार कड्यासाठी ठेवा.

आता वाटाड्याबद्दल.

जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे समाज राहतात. धबधब्याजवळच्या बहुतेक पाड्यांत वाट दाखवायला येणारा एखादा तरुण मिळतो. बहुतेकांजवळ कसलं प्रमाणपत्र नसतं, गळ्यात ओळखपत्रही नसतं. पण कुठल्या ओहळाचं पाणी कुठल्या माळावरून येतं, हे त्याला पाठ असतं. कड्याकडे जाताना तो मध्येच थांबतो आणि पाणी बघतो. पाणी गढूळ तांबडं झालं, त्यात पाला आणि काटक्या वाहत आल्या, आवाज जड झाला, की वर कुठेतरी पाऊस कोसळलाय हे तो ओळखतो. मग डोक्यावर स्वच्छ ऊन असलं तरी माणसांना काठावरून मागे घेतो. शहरातला माणूस आभाळ बघून ठरवतो. वाटाड्या पाणी बघून ठरवतो, आणि या डोंगरात त्याचंच बरोबर असतं.

त्याच्याबरोबर चाललं की डोंगराला नावं फुटतात. ही कारवी, हिच्या काड्यांचा कूड होतो, त्याला शेण-माती लिंपली की भिंत झाली. अशाच भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली वारल्यांची चित्रं जगभर गेली. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिल्या पावसात शेवळं उगवतात, ती काकडांबरोबर शिजवली नाहीत तर घसा खाजतो. ओढ्यातले मासे पहिल्या पुराबरोबर उलटे चढतात, ती वलगण. झाडाखाली शेंदूर फासलेला दगड दिसला तर तो वाघोबा. तिथे चपला काढा आणि फोटो काढण्याआधी विचारा. वाटाड्या तारपा वाजवणाऱ्यांच्या घरातला असेल तर गप्पा आणखी लांबतील. लांबू देत.

दाभोसा धबधबा जव्हारहून सिल्वासाकडे जाणाऱ्या बाजूला, साधारण वीस किलोमीटरवर आहे. लेंडी नदी जवळपास तीनशे फूट खाली पडते. वरच्या बाजूनं, लांबून दिसणारं दृश्यच पुरेसं आहे. गुडघे दुखणाऱ्या बायकांनी खाली उतरायचा हट्ट धरू नये; पावसात ती वाट निसरडी असते. वरून एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहा. कड्याच्या भिंतीत आडवे पट्टे दिसतात. लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटेच्या रंगाची तांबडी माती सापडते. एक थर थिजून त्यावर माती तयार झाली, मग वरून तापलेला पुढचा थर आला आणि ती भाजली गेली. पाणी आधी ठिसूळ भाग कोरतं, वरचा घट्ट थर पुढे लोंबकळतो, शेवटी त्याचा तुकडा कोसळतो. असा कडा हळूहळू नदीच्या उगमाकडे मागे सरकतो. धबधब्याच्या पायथ्याचे मोठमोठे धोंडे म्हणजे जुन्या कड्याचे तुकडे.

आणि पायथ्याचा डोह. पडणारं पाणी तळ खोदत राहतं, त्यामुळे डोहाची खोली एका पावलावर एक आणि दुसऱ्या पावलावर दुसरीच असते. धोंड्यांच्या कपारी खाली लपलेल्या असतात, पाणी आत ओढतं, कातळावर शेवाळ असतं. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. ते लांबून आलेले पर्यटक नव्हते, जव्हारचेच होते. घसरून पाण्यात पडलेल्यांना वाचवायला बाकीचे उतरले, असं त्या वेळच्या बातम्यांत होतं. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोक्याच्या धबधब्यांवर मनाईचे आदेश काढतं. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करा, आणि मनाई असेल तर ती पाळा. मनाईचा फलक डावलून दोनशे रुपयांत कुणी खाली न्यायला तयार झाला, तर त्याच्याबरोबर जाऊ नका. चांगला वाटाड्या ‘आज नको’ म्हणतो आणि त्या दिवसाची मजुरी सोडतो.

तुला नकाशे बघायची आवड आहे म्हणून आणखी एक सांगतो. आपला दख्खनचा दगड पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण ठिकाणावरून जाताना तयार झाला, तेच ठिकाण आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूखंड सरकत उत्तरेला आला, ते ठिकाण मागे राहिलं. त्या बेटावरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून वरचेवर उसळतो. तिथे जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, जगातला विक्रम. जव्हारला अख्ख्या पावसाळ्यात तीन हजारांच्या आसपास पडतो, त्यावरून कल्पना कर. बेटावरच्या कड्यांना २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या माफात नावाच्या खोऱ्यात गाडीचा रस्ताच नाही. माणसं पायवाटेनं चालत जातात आणि तिथल्याच रहिवाशांच्या घरगुती मुक्कामांत उतरतात, त्यामुळे पैसा खोऱ्यात राहतो. आपल्याकडे मुंबईहून गाडी येते, डबे गाडीतूनच येतात, रिकाम्या बाटल्या कड्यावर राहतात आणि गाडी निघून जाते. पाड्याला काय मिळालं? हे बदलणं अवघड नाही. ग्रामसभेनं वाटाड्यांची यादी करावी, दर ठरवावेत, काठावर दोर आणि माणसं ठेवावीत, पाड्यावरच्या बायकांनी नागलीची भाकरी आणि रानभाजीचं जेवण द्यावं.

हे मी इतक्या आग्रहानं का लिहितोय, तेही सांगतो. हा घट्ट कातळ पाणी आत जिरू देत नाही. फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या पातळ थरात थोडं मुरतं, बाकीचं उतारावरून धावत सुटतं. म्हणून आषाढात इतके धबधबे. आणि म्हणूनच चैत्र-वैशाखात त्याच पाड्यांवरच्या विहिरींचा तळ दिसतो. ज्या मोखाड्यात जुलैत चार हातांवरचं दिसत नाही इतका पाऊस असतो, तिथेच मे महिन्यात टँकर येतो आणि बायका हंडे घेऊन त्याची वाट बघतात. मोखाड्यातल्या कोचाळे इथं वैतरणेवर १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. त्यातून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळतं. गारगाई आणि पिंजाळ या इथल्याच नद्यांवर मुंबईसाठी आणखी धरणं आखलेली आहेत. मुंबईलाही पाणी लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण धरणाच्या शेजारच्या पाड्याला उन्हाळाभर घोटभर पाणी न मिळणं हा अन्याय आहे, आणि त्याला दगडाचं कारण देऊन चालणार नाही. वनराई बंधारे, शेततळी, उतारावरचे चर, झऱ्यांची डागडुजी हे उपाय या कातळावर चालतात. जिथे झाले तिथे दिसतात.

पाणी आटलं की दुसरं पीक नाही. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, मुलांची शाळा सुटते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली, तेव्हा सगळ्या राज्याला हा भाग कळला. तुमचा वाटाड्या पावसाळ्यात कड्यावर असेल, आणि माघात बहुधा एखाद्या भट्टीवर विटा थापत असेल. त्याला पावसाळ्याचे तीन-चार महिने नीट मजुरी मिळाली, तर एखाद्या घराचं जाणं टळू शकतं.

तर ठरवून कळव. शनिवार-रविवार टाळा, गर्दी असते. पायात पकड असलेले बूट घाला, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दरीत रेंज मिळेलच असं नाही. वाटाड्याची मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. जेवण पाड्यावर सांगा, एक दिवस आधी निरोप गेला की पुरतं. वर नेलेला कचरा परत गाडीत भरा.

आणि जमलं तर चैत्रात पुन्हा या. त्याच वाटाड्याला घेऊन त्याच पाड्यावर जाऊ, या वेळी त्यांच्या विहिरीवर. भिशीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढून एखाद्या झऱ्याचं काम गावानं ठरवलेल्या पद्धतीनं करता येईल का, याचा तिथे बसून ग्रामसभेशी विचार करू. तुझ्या मैत्रिणींना हे पत्र वाचून दाखव आणि त्यांचं म्हणणं लवकर कळव.

तुझा,
भाऊ