खोडमाशी व उसने बैल

आमच्या लहानपणीं मेहकर तालुक्यांत, पैनगंगेच्या बाजूस, आमचें चार एकर कोरडवाहू शेत होतें. आम्ही सहाव्या इयत्तेंत असतांना त्या शेतांतील ज्वारी हातची गेली, व त्या वर्षीं थोरल्या बहिणीची शाळा सुटली, ती कायमचीच.

त्या सालीं आमचा एक बैल मृगापूर्वींच मेला. शेजाऱ्यांच्या पेरण्या उरकल्यावर उसने बैल मिळाले, तोंवर पंधरा दिवस लोटले होते. रोपें वीतभर झालीं आणि त्यांचे मधले पोंगे सुकूं लागले. ओढतांच पोंगा अलगद हातांत येई व त्यास कुजकट वास येई. बांधापलीकडील ज्वारी मात्र हिरवीगार! शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. आम्हांसही तेंच खरें वाटलें.

पुढें महाविद्यालयांत शिकतांना त्या दृष्टीचें खरें नांव आम्हांस कळलें: खोडमाशी. घरमाशीहून लहान अशी ही करडी माशी कोंवळ्या पानाच्या खालच्या अंगास एकेक अंडें घालते. त्यांतून निघालेली अळी पोंग्यांत शिरून वाढीचा कोंबच कापते. हा धोका उगवणीपासून सुमारें महिनाभरच असतो. अगोदर पेरलेल्या शेतांत माशीची वीण वाढते व ती उशिराच्या कोंवळ्या रोपांवर तुटून पडते. म्हणून पाऊस लागतांच आठ-दहा दिवसांत पेरावें, बी थोडें अधिक टाकावें, आणि पोंगा सुकलेलीं रोपें उपटून नष्ट करावीं.

सुटींत घरीं जाऊन आम्हीं हें सारें मोठ्या ऐटीनें वडिलांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व ते म्हणाले, “बापू, उशिराची ज्वारी पोंग्यात मरते, हे मले ठाऊकच होतं. पन बैल कोनाचे आनू?”

आमची विद्या तेथें निरुत्तर झाली. त्यांस माशीचें नांव ठाऊक नव्हतें, पण पेरणीची वेळ पुरती ठाऊक होती. उणीव होती ती एका बैलाची.

मुलांनो, आतां आपल्या जिल्ह्यांत ज्वारी थोडी उरली. सोयाबीन व मका फार झाला. अमेरिका खंडांतील लष्करी अळी २०१८ सालीं भारतांत प्रथम आढळली. ती मका खाते तशी ज्वारीही खाते. किडी नव्या आल्या, तरी बांध ओळखणारी कीड अद्याप जन्मली नाहीं. यास्तव आपली पेरणी आटोपतांच, ज्याची राहिली असेल त्यास बैल, तिफण वा ट्रॅक्टर त्याच दिवशीं द्यावा, असें घरीं वडील मंडळींस अवश्य सांगा. त्यानें एका घरची ज्वारी वांचेल, आणि कदाचित् एका मुलीची शाळाही.