दशकाखाली दशक आणि रथाच्या दोऱ्या



मी अमळनेरला तिसरीचा वर्ग शिकवते. मग अकरावीच्या सदिशांवर मी कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. सांगते.

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी वही घेऊन घरी आली. "मॅडम, माले काहीच समजत नही. सायन्स सोडी देसू." वहीत तिने दोन बलांची बेरीज केली होती, १०० + १०० = २००. त्यावर लाल फुली. मीही याच धड्यात अडले होते. सूत्र पाठ करून बारावी पास झाले आणि डी.एड.ला गेले. त्यामुळे तिला "पाठ कर" म्हणवेना.

मी विचारलं, "वैशाखात सखाराम महाराजांचा रथ पाहतेस ना? दोर ओढणारे दोन बाजूंना फाकले तर?"

"जोर वाया जास."

"किती वाया जातो, तेच काढू."

समजा, दोन दोर आहेत. प्रत्येकावर १०० न्यूटन बल, आणि दोन्ही सरळ रेषेपासून ३० अंश बाजूला, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रत्येकाचे दोन घटक पाडा.

पुढचा: १०० × कोसाइन ३० = ८६.६
आडवा: १०० × साइन ३० = ५० (उजवीकडे अधिक, डावीकडे उणे)

आता तिसरीतलीच रीत. दशकाखाली दशक, एककाखाली एकक. तसं पुढच्याखाली पुढचा, आडव्याखाली आडवा.

पुढे: ८६.६ + ८६.६ = १७३.२
आडवे: ५० + (−५०) = ०

म्हणजे रथाला २०० नाही, १७३.२ न्यूटन मिळालं.

वजाबाकीही तशीच. उजव्यातून डावा वजा केला तर पुढे ०, आडवे ५० − (−५०) = १००. अर्थ असा, की डावा ओढा उजव्यासारखा करायला तो १०० न्यूटनने उजवीकडे बदलावा लागेल. इथे मुलं कंस विसरतात आणि ० लिहितात. तिनेही तेच केलं!

आणखी एक. "पुढे म्हणजे कोसाइन" असं पाठ करून घेऊ नका. कोन ज्या रेषेपासून मोजला, त्या रेषेवर कोसाइन.

सायन्सचं तिने अजून ठरवलेलं नाही. पण ४५ अंशांचं गणित तिने एकटीने सोडवलं. मी मात्र ठरवलंय, तिसरीला "दशकाखाली दशक लिहा" एवढंच सांगायचं नाही, का लिहायचं तेही सांगायचं. तुम्ही सांगता का?