काटा नसलेला गळ

आमच्या घरात माशाचं नाव काढायची सोय नव्हती. आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि पंढरीची वारी कधी चुकली नाही. आणि गाव कुठं, तर खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या अगदी काठाला. कणकुंबीला उगम पावलेली नदी आमच्याकडं येईपर्यंत चांगली अंगानं भरते. म्हणजे घरात मासा वर्ज्य आणि परसाच्या पलीकडं माशांनी भरलेलं पाणी! दहा-अकरा वर्षांच्या पोरानं काय करायचं, सांगा.

माझ्या वर्गात एक दोस्त होता. त्याच्या घरी कन्नड बोलायचे आणि रविवारी मासे खायचे. कन्नड मी शाळेत शिकलो असं प्रमाणपत्र सांगतं. खरं म्हणजे ते मी नदीवर शिकलो. मराठीत गळ, त्याच्याकडं गाळ. मला त्याचं फार हसू यायचं, कारण आपल्याकडं गाळ म्हणजे तळाचा चिखल. मी गांडूळ म्हणायचा अवकाश, तो 'येरीहुळ' म्हणून दुरुस्त करायचा. आणि मी जरा चुळबुळ केली की दबक्या आवाजात, 'सुम्म कुंद्रो!' गप बस. ही विद्या पुढं मला वर्गात शिकवतानाही उपयोगी पडली, पण ते असो.

1990 सालची गोष्ट. मला पहिल्यांदाच एक बरा मासा लागला, वीतभर. दोस्त म्हणाला, घरी दे, आई सारू करेल. पण मला तो सोडवेना. कुणाला तरी दाखवायचा होता, कुणाला ते कळत नव्हतं. दप्तरात घालून घरी आणला. नेमकी एकादशी. आई साबुदाणा भिजवत होती आणि आप्पा ओसरीवर बसले होते. दप्तरातून पाणी ठिबकत होतं.

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि म्हणाले, "घे ते. चल." नदीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. काठावर म्हणाले, "जिथनं काढलास तिथं सोड." मी मासा पाण्यात ठेवला. तो केव्हाच मेलेला होता. कुशीवर वळला, पांढरं पोट वर आलं आणि हळूहळू वाहत गेला. दिसेनासा होईपर्यंत त्यांनी मला तिथं उभं केलं. दुसऱ्या दिवशी दोस्ताच्या आईला कळलं तेव्हा तीही संतापली, पण वेगळ्या कारणानं. खायचं अन्न फुकट घालवलं म्हणून. दोघांचंही खरं होतं आणि मी दोघांचाही गुन्हेगार. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी गळाला हात लावला नाही.

2017 च्या ऑक्टोबरात कॉलेजच्या मुलांना घेऊन हिमाचलला ट्रेकिंगला गेलो. गोवा एक्स्प्रेसनं बेळगावहून निजामुद्दीन, तिथून बसनं औट, मग बंजार आणि पुढं तीर्थन नदीचं खोरं. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे. 2014 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. आम्ही खाली, उद्यानाच्या हद्दीबाहेर, गुशैनीजवळ एका घरात उतरलो होतो. पहाटे थंडीनं झोप लागेना म्हणून नदीवर गेलो, तर घरमालक गुडघाभर पाण्यात उभे. हातात लांब, बारीक काठी. आणि डोक्यावरून दोरी मागं जात होती, पुढं येत होती. मागं जाताना हवेत तिचा वळसा व्हायचा, क्षणभर तो तसाच लांबत जायचा, मग सगळी दोरी पुढं उलगडून पाण्यावर अलगद टेकायची. आवाज काही नाही. मासा मिळतोय की नाही याकडं माझं लक्षच नव्हतं. मी त्या दोरीकडं बघत राहिलो. मुलं चहासाठी हाका मारत होती, तरी मी जागचा हललो नाही.

ह्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर माशीनं मासा धरणं! आपण गळाला शिसं बांधतो. शिसं पुढं जातं आणि दोऱ्याला ओढून नेतं. इथं सगळं उलटं. टोकाला पिसांची आणि दोऱ्याची केलेली खोटी माशी असते, तिला वजनच नसतं. वजन दोरीला असतं, ती माशीला वाहून नेते. म्हणून जोर लावून काही होत नाही. काठी मागं न्यायची आणि थांबायचं. दोरी मागं पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. मगच पुढं. हे थांबणं शिकायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी माशी माझ्याच टोपीत रुतली, दुसऱ्या दिवशी मागच्या झुडपात. घरमालक प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचे, "रुकिए, मास्टरजी."

पण खरा चटका लागला तो काठीनं नव्हे, दगडांनी. त्यांनी मला पाण्यातला एक दगड उचलून उलटा करून दाखवला. खाली चिकटलेले बारीक किडे, तीन शेपट्यांचे. इंग्रजीत ज्याला मेफ्लाय म्हणतात त्याची ही पिल्लं. महिनोन्‌महिने पाण्यात काढतात, मग पंख फुटून बाहेर येतात आणि दिवस-दोन दिवसांत मरतात. पंख फुटल्यावर त्यांना खाण्याजोगं तोंडच राहत नाही! ट्राउट मासा ह्यांच्यावर जगतो. म्हणून आज नदीवर कोणता किडा उडतोय, तो पाण्याच्या वर आहे की खाली, हे आधी बघायचं आणि तशी माशी बांधायची. मासा उभा असतो तो वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासतात त्या रेषेत. अंगाला कष्ट कमी आणि खाणं समोर वाहत येतं. चाळीशीला टेकलेला माणूस मी, नदीकाठी वाढलेला, आणि नदी अशी वाचता येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा दोस्तानं सांगितलं असेल, मीच चुळबुळत असेन.

तिसऱ्या दिवशी मासा लागला. मत्स्य खात्याचा परवाना घरमालकांनी आधीच काढायला लावला होता. तपकिरी ट्राउट, अंगावर लाल ठिपके. हा इथला मूळचा नव्हे. इंग्रजांनी 1900 साली स्कॉटलंडहून काश्मिरात अंडी आणली आणि तिथून 1909 च्या सुमारास तो कुलूकडं आला. घरमालकांनी सांगितलं, हात आधी ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाला उलटा काटा नव्हताच, त्यामुळं तो चटकन सुटला. मग त्याला प्रवाहाकडं तोंड करून पाण्यात धरायचं. तळहातावर तो कल्ले हलवत राहिला. एक, दोन, तीन. मला वाटलं, झालं, हाही कुशीवर वळणार. माझे हात थरथरत होते, थंडीनं म्हणा हवं तर. आणि त्यानं शेपूट मारली नि गेला.

काठावर बसून मी रडलो. मुलं दूर होती, हे बरं झालं.

परत आल्यावर वेडच लागलं. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला वेड लागलं की तो पुस्तकं उकरतो. इंग्रजीत 1496 साली छापलेल्या गळाच्या पुस्तकात माश्या बांधायच्या कृती आहेत. आपल्या जवळचं म्हणाल तर दक्षिण कानडाचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस यानं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 साली मंगळुरात छापलं. त्याचा जीव महसीरवर. आपल्या दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. त्यातलं खुद्री 1839 साली कर्नल साइक्सनं मुळा-मुठेच्या काठावर ऐकलेल्या मराठी नावावरून आलंय. आणि आणखी एक गंमत, कडू गंमत. विलायतेत सामन माशासाठी ज्या नटव्या माश्या बांधत, त्यांत आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेची पिसं असायची. मेणाचे थेंब सांडल्यासारखी पिवळी नक्षी असलेली. भीमगडच्या जंगलात पहाटे ओरडतो तोच हा काडुकोळी. आता वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, ते योग्यच.

माझ्या माश्या साध्या. वडगावच्या मागावरचा रेशमी दोरा आणि रविवारी चिकनवाल्याकडून मागून आणलेली कोंबड्याची पिसं. ती घरात आणताना माळकऱ्याच्या पोराला काय वाटत असेल ते विचारू नका. बायकोनं डबा उघडला आणि विचारलं, "करणी-बिरणी शिकालाय काय?" सराव कॉलेजच्या मैदानावर, संध्याकाळी, टोकाला लोकरीचा गोंडा बांधून. आमचा शिपाई दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी न राहवून म्हणाला, "सर, कुणाला आसूड मारालाय?"

तेव्हाच मुलांनी मला लॅपटॉपवर 'ए रिव्हर रन्स थ्रू इट' हा 1992 चा सिनेमा दाखवला. नॉर्मन मॅक्लीन यांच्या 1976 च्या पुस्तकावरचा. तो आल्यावर अमेरिकेत हजारो माणसं हा नाद शिकायला नदीवर उतरली म्हणतात. त्यात बाप पाद्री आहे आणि तो आपल्या दोन्ही पोरांना तालावर, मात्रा मोजत, दोरी टाकायला शिकवतो. देवाचं माणूस आणि मासेमारी त्याच्या घरी एकाच ओळीत बसतात. मी मध्येच लॅपटॉप बंद केला. उरलेला सिनेमा पुढं कधीतरी एकट्यानं बघितला.

मग एका रविवारी दोस्ताला फोन केला. तो आता टेंपो चालवतो आणि सुटीला अजून मलप्रभेवर बसतो. माझी काठी त्यानं उलटसुलट बघितली, किंमत ऐकून कपाळाला हात लावला. तासाभरात मला दोन बोटभर मासे लागले. चांदीच्या पट्टीसारखे. ओल्या हातानं सोडवून पाण्यात ठेवले. तो बघत होता. मग म्हणाला, "बिडूदाद्र याक हिडिदी?"

सोडायचाच होता तर धरलास कशाला?

मी बरंच काही सांगितलं. परदेशात असं करतात, त्यामुळं नदीत मासे टिकतात, आनंद वेगळा असतो. तो शांतपणे म्हणाला, "मी खातो म्हणून त्याला मारतो. तू खेळतोस म्हणून त्याला टोचतोस." आणि आपल्या पिशवीतला मासा दाखवून हसला. त्याच्या घरी त्या दिवशी सारू झालं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचायला लागलो तर आणखी अडचण. 2003 साली ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं होतं. ते मासे अंग डोलवत होते, काही तर ओठ वाळूवर घासत होते, आणि खाण्याला कितीतरी वेळ शिवले नाहीत. माशाला दुखतं की नाही यावर अजून वाद चालू आहे. पण ओठ वाळूवर घासणारा मासा एकदा डोळ्यांपुढं आला की जात नाही.

त्यानंतर गावच्या नदीवर मी एक करायला लागलो. माशी बांधायची आणि पक्कडीनं गळाचं टोकच तोडून टाकायचं. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो, बोटांना झटका कळतो, मग फसगत लक्षात येऊन तो ती थुंकून देतो. एवढंच. दोस्त आता मला पूर्ण वेडा समजतो. तीर्थनला पुन्हा दोनदा जाऊन आलो, तिथं मात्र गळाला टोक असतं. का, ते मला अजून सांगता आलेलं नाही. हातातल्या त्या जिवंत ओढीची भूक जात नाही, एवढंच खरं.

आप्पांना ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. ते आता ऐंशीच्या घरात. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि त्यांना पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. गेल्या हिवाळ्यात म्हणाले, असोग्याच्या देवळात ने. देवदर्शन झालं. मग मीच गळ घातली की जरा नदीवर बसूया. गाडीतनं काठी काढताना माझी छाती अकरा वर्षांच्या पोरासारखी धडधडत होती. ते कातळावर बसले, काठी दोन्ही हातांवर घेऊन खडीवरच्या चौकटीसारखी दुमडवून बघायला गेले, तशी मी माशी त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती बोटानं चाचपली. सगळीकडून.

"टोक न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

ते काही बोलले नाहीत. माळेवरून हात फिरवला आणि पाण्याकडं बघत बसले. मी थोडं बाजूला जाऊन दोरी टाकायला लागलो. हात चुकत होता, वळसा नीट पडत नव्हता. बराच वेळ गेला. पाण्यावर ऊन उतरलं होतं. मागून आवाज आला,

"तिकडं न्हवं. त्या काळ्या दगडाच्या मागं बघ. मघापासनं दोनदा उठलाय."

मी वळून बघितलं. ते काठीनं दाखवत होते, बरोबर वेगाचं आणि संथ पाणी जिथं भेटतं तिथं. मी दोरी टाकली. कमी पडली.

"आणि थोडं पुढं," आप्पा म्हणाले.