एक गळा, दोन कप्पे : ‘निवडक गाण्यां’कडून चाहत्यांना काय हवे असते?

१/ धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. याच तालुक्यातून आषाढीपूर्वी, पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी पंढरपूरकडे जाते. मराठवाड्यातील अशा यात्रांत आणि पालख्यांच्या वाटांवर गेली कित्येक दशके ध्वनिवर्धकातून एक खणखणीत आवाज ऐकू येत आला आहे. तो आवाज प्रल्हाद शिंदे यांचा.

२/ प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांनी विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी गायिली, कव्वाली गायिली, लोकगीते गायिली आणि भीमगीतेही गायिली. आनंद, मिलिंद व दिनकर हे पुत्र आणि आदर्श हा नातू यांनी ती परंपरा पुढे नेली. त्यांच्या निवडक गाण्यांचे संच अनेक निघाले. तरीही असा संच ऐकून संपल्यावर जाणत्या चाहत्याला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. जे राहून जाते, त्याचा शोध या धाग्यात आहे.

३/ प्रथम तबकडीचा हिशेब. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. म्हणजे एका तबकडीवर दोन गाणी. तेथे ‘निवडक’ असे काही करायला जागाच नव्हती. श्रोत्याच्या घरातील तबकड्यांची पेटी हाच त्याने स्वतः केलेला संच असे आणि त्याचा क्रमही तोच ठरवी.

४/ १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. १९५८ मध्ये याच कंपनीने गायक जॉनी मॅथिस यांचा ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ हा संच काढला. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या प्रकाराचा आरंभ त्यापासून मानला जातो. कारण मात्र साधे होते. गायक परदेशी होता, नवे ध्वनिमुद्रण हाताशी नव्हते. म्हणून गाजलेली जुनी गाणी एकत्र करण्यात आली. ही गरज विक्रेत्याची होती. श्रोत्यांनी मात्र तो संच वर्षानुवर्षे उचलून धरला.

५/ निवड आणि समग्रता यांतील ओढाताण मराठीला नवी नाही. १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तुकारामांच्या अभंगांची गाथा संपादित केली. ती इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. त्यांना मिळेल तेवढे सारे हवे होते. भजनी मंडळाच्या वहीत मात्र गाता येतील असेच मोजके अभंग उतरविलेले असतात. वही गाण्यासाठी असते, गाथा कवी समजून घेण्यासाठी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी भागत नाही.

६/ फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला. तबकडी छापायला मोठा कारखाना लागे. कॅसेटची प्रत काढण्याचे यंत्र छोट्या शहरातही बसविता येई. त्यामुळे एका बड्या कंपनीची मक्तेदारी सैल झाली आणि प्रादेशिक भाषा, लोकगीते, गावोगावची दैवते यांना बाजार मिळाला. अमेरिकी संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात हा बदल तपशिलाने मांडला आहे.

७/ महाराष्ट्रात या नव्या मालाचे एक मोठे दुकान म्हणजे यात्रा. नारळ, रेवड्या, बांगड्या यांच्या रांगेत कॅसेटचा गाळा उभा राहिला. तेथे माल लावण्याची रीत गायकानुसार क्वचितच असे. विठ्ठल एका ओळीत, गणपती दुसरीत, देवी तिसरीत, भीमगीते वेगळ्या खणात, कव्वाली आणखी कुठे. एकाच गायकाचा चेहरा चार-पाच ओळींत विखुरलेला दिसे.

८/ या गाळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या चाहत्याची पहिली मागणी अगदी सरळ : ओळखीची गाणी हवीत. यात रसिकतेचा अभाव पाहणे चूक ठरेल. सत्यनारायणाच्या पूजेला वाजणारे गाणे, गणपती बसताना वाजणारे गाणे, वारीला निघताना वाजणारे गाणे ही त्या त्या प्रसंगाची सामग्रीच होऊन बसतात. पूजेच्या ताटात हळद नसेल तर जसे अडते, तसे त्या गाण्यावाचून अडते. नेमके तेच गाणे गाळणारा संच चाहत्याला फसवा वाटतो.

९/ दुसरी मागणी : आवाज तोच हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ व्या कलमाने, सूचना देऊन आणि स्वामित्वशुल्क भरून, आधी ध्वनिमुद्रित झालेले गाणे दुसऱ्याच्या आवाजात नव्याने मुद्रित करण्याची मुभा ठेवली होती. १९८० च्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी जुन्या चित्रपटगीतांच्या अशा नव्या आवृत्त्या मोठ्या प्रमाणावर बाजारात आणल्या. त्या स्वस्त होत्या आणि खपल्याही. परंतु वेष्टनावरील गाण्याचे नाव वाचून कॅसेट घेणाऱ्याला घरी गेल्यावर निराळाच गळा ऐकू येण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली.

१०/ ही तक्रार अखेर कायद्यापर्यंत पोहोचली. २०१२ च्या दुरुस्तीने ‘३१ सी’ हे कलम आले. मूळ गाणे मुद्रित झाल्यापासून पाच वर्षे नवी आवृत्ती काढता येत नाही; श्रोत्याची दिशाभूल होईल असे वेष्टन वापरता येत नाही; आधीच्या गायकाचे नाव वा चित्र त्यावर छापता येत नाही; आणि ही नवी आवृत्ती आहे हे स्पष्ट सांगावे लागते. चाहत्याच्या कानाला जे खटकत होते, त्याला कायद्याची भाषा मिळाली.

११/ ‘मूळ’ म्हणजे तरी काय? गीतरामायणाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सादर झालेल्या ५६ गीतांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे अनेक आवाज होते. पुढे घराघरांत पोहोचलेल्या तबकड्या-कॅसेटांत मात्र सुधीर फडके यांचा एकच आवाज आहे. आज बहुतेकांना तोच मूळ वाटतो. चाहत्याचे ‘मूळ’ हे पुष्कळदा प्रथम मुद्रित झालेले नसते. त्याच्या घरात प्रथम वाजलेले असते.

१२/ तिसरी मागणी : नोंद हवी. १९७४ च्या गिनीज बुकात लता मंगेशकर यांच्या नावावर २५,००० हून कमी नाहीत इतकी गाणी दाखविली गेली. मोहम्मद रफी यांनी त्यावर हरकत घेतली. त्यांचा स्वतःचा दावा २८,००० गाण्यांचा सांगितला जाई. प्रत्यक्ष सूची करू गेल्यावर दोघांचेही आकडे काही हजारांतच राहतात, आणि १९९१ मध्ये गिनीजने ती नोंद काढून टाकली. हा वाद निवळला तो कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ किंवा मुंबईच्या विश्वास नेरूरकर यांच्यासारख्यांच्या सूचींमुळे. गाणे, चित्रपट, वर्ष, गीतकार, संगीतकार अशा नोंदी या मंडळींनी चिकाटीने जमविल्या.

१३/ यात्रेतल्या कॅसेटला असे सूचीकार फारसे लाभले नाहीत. अनेक वेष्टनांवर वर्ष नसते, वादकांची नावे नसतात, कधी कवीचेही नसते. पंढरीच्या वाटेवरचे प्रल्हाद शिंदे यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत दत्ता पाटील यांनी लिहिले आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली. ते इतके लोकांचे झाले आहे की ऐकणाऱ्याला एखाद्या संताचा अभंगच वाटावा. कवीला याहून मोठा मान कोणता, असे म्हणता येईल. परंतु त्याचे नाव पुसले जाण्याची वाटही हीच आहे. चांगल्या संचाने निदान ती नावे सांभाळावीत.

१४/ आता मुख्य गोष्ट. प्रल्हाद शिंदे यांचा गळा बाजाराने दोन मोठ्या कप्प्यांत वाटला. एका कप्प्यात भक्तिगीते, दुसऱ्यात भीमगीते. पहिल्या कप्प्याच्या श्रोत्याला दुसरा पुष्कळदा ठाऊकही नसतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव न मानण्याचे वचन आहे. त्या प्रतिज्ञा शिरोधार्य मानणाऱ्या समाजाने जो आवाज आपला म्हणून जपला, त्याच आवाजावाचून अनेक घरांतला गणपती बसत नाही. हा विरोधाभास दोन्ही बाजूंच्या श्रोत्यांना अवघड वाटू शकतो. स्वतंत्र कॅसेटांमुळे त्याला सामोरे जाण्याची वेळच येत नाही.

१५/ पंचांग मात्र हे कप्पे मानत नाही. चैत्रातली यात्रा आणि १४ एप्रिलची जयंती बहुधा एकमेकींच्या जवळपास येतात. एकाच तालुक्यात, थोड्याच दिवसांच्या अंतराने, एका चौकात तो गळा देवाला आळवतो आणि दुसऱ्या चौकात बाबासाहेबांचे ऋण गातो. ध्वनिवर्धक निराळे, श्रोते पुष्कळ अंशी निराळे; दमसास आणि फेक तीच. कव्वालीच्या सवाल-जवाबात कसलेली ती फेक त्यांच्या विठ्ठलगीतातही ऐकू येते. वेगवेगळ्या कॅसेटा ऐकणाऱ्याला हे नाते सहसा लक्षात येत नाही.

१६/ यावर एक रास्त आक्षेप आहे. पूजेला बसलेल्या माणसाला मधेच कव्वाली नको असते. जयंतीच्या मिरवणुकीत गणपतीचे गाणे नको असते. गाणी वेगळी ठेवली म्हणूनच ती उपयोगी पडतात. हे खरेच आहे, आणि म्हणूनच भजनाची वही व गाथा हा भेद येथे कामी येतो. ‘विठ्ठलगीते’ असे नाव असलेला संच केवळ विठ्ठलाचा असावा. परंतु वेष्टनावर जेव्हा गायकाचेच नाव आणि ‘सर्वोत्तम’ हा शब्द येतो, तेव्हा तो संच प्रसंगाचा राहत नाही, त्या माणसाचा होतो. तेथे अर्धा माणूस देणे ही निवड नसून वगळणे आहे.

१७/ नव्या साधनांनी हा प्रश्न सुटलेला नाही. २०१७ मध्ये आलेल्या ‘सारेगामा कारवां’ या पेटीत पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली होती. पुढे तिची मराठी आवृत्तीही निघाली. जागेची अडचण संपली. मोबाइलवर तर ती अजिबातच उरलेली नाही. तरीही तेथील यादी श्रोत्याने काल काय ऐकले त्यावरून उद्याचे गाणे सुचविते. विठ्ठल ऐकणाऱ्याला आणखी विठ्ठल, भीमगीत ऐकणाऱ्याला आणखी भीमगीते. यात्रेतल्या गाळ्यावर निदान शेजारचा खण डोळ्यांना दिसत तरी होता.

१८/ चाहत्याच्या मागण्या अशा चार ठरतात : ओळखीची गाणी, ओळखीचा आवाज, खरी नोंद आणि संपूर्ण माणूस. पहिल्या दोन बाजाराने बऱ्याच अंशी पुरविल्या. तिसरी आणि चौथी इतिहासप्रेमींच्या हाती आहे. चुंबकीय फीत कालांतराने झिजते, चिकटते आणि मुकी होते; वेष्टनातला छापील कागद त्याहून आधी हरवतो. त्या कागदावर कंपनीचे नाव, गाण्यांचा क्रम, क्वचित कवी आणि वादकही असतात. घरातल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी कॅसेट असेल तर प्रथम त्या कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, कोणत्या गावी आणि कोणत्या प्रसंगी ती घेतली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे आणि मगच फीत लावावी. प्रल्हाद शिंदे यांचा संपूर्ण संच कधी झालाच, तर तो अशा कागदांवरूनच होईल.