प्यायल्या पाण्याला जागावं

आठवण नुसती डोक्यात ठेवण्यावर आपल्या लोकांचा फारसा भरवसा नाही. ती पदराला बांधायची, मनाशी तिची खूणगाठ मारायची, काळजावर ती कोरून ठेवायची. भोरहून वेळवंडीच्या खोऱ्यात जाणाऱ्या एसटीत अजूनही एखादी आजी लुगड्याच्या पदराला घट्ट गाठ मारून बसलेली दिसते. म्हाताऱ्याच्या गोळ्या घ्यायच्या होत्या की लेकीला निरोप द्यायचा होता, हे गाठीत लिहिलेलं नसतं. पण काहीतरी राहिलंय, एवढं ती बोटांना सांगते. बोटं गाठीवर फिरतात आणि पुढचं आपोआप ध्यानात येतं. शेजारच्या नातवाच्या मोबाइलकडे हेच काम दिलेलं असतं, फक्त त्याचं चार्जिंग वाटेतच संपतं.

दुसऱ्याने काढलेली आठवणसुद्धा इथे अंगावरच येते. उचकी लागली की एकेक नाव घ्यायचं. पुण्यातली लेक? मुंबईचा पोरगा? ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली. आणि ‘पुढचं पाठ, मागचं सपाट’ हे फक्त शाळेतल्या पोरांपुरतं असतं, असं मानायचं.

विसरण्याच्या भाषेत मात्र सगळीकडे पाणी. झालं गेलं गंगेला मिळालं. त्यावर पाणी सोड. पैसे पाण्यात गेले. हे इतक्या सहज म्हणणाऱ्याचं गाव बहुधा धरणाखाली गेलेलं नसतं. वेळवंडी नदीच्या खोऱ्यात ही बोली जपूनच वापरावी लागते, कारण तिथे गेलेलं सगळं गंगेला मिळालेलं नाही. भाटघरचं धरण १९२७ साली पुरं झालं आणि त्याच्या पाण्याने नदीकाठ आपल्या पोटात घेतला. कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळही त्यात गेलं. पण उन्हाळा सरत आला, पाणी तळाला गेलं, की ते दरवर्षी वर येतं. माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात. पावसाळा लागला की देव पुन्हा पाण्यात. पाणी सोडलं म्हणून विसरणं होत नाही, हे या खोऱ्याला देवानेच दाखवून दिलंय.

सरकारनेही आपल्या परीने आठवण ठेवली. भाटघरच्या धरणाला आधी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचं नाव होतं. आता जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. पलीकडे वेल्ह्याच्या बाजूला पानशेतचा तानाजीसागर आणि वरसगावचा वीर बाजी पासलकर जलाशय. शूरांची नावं पाण्याला दिली, हे चांगलंच झालं. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, त्याचाही अभिमान वाटतो. तिकीट मागताना जिभेवर रुळलेलं ‘वेल्हे’च येतं, ती गोष्ट वेगळी. पण त्या पाण्याखालच्या वाड्यांची, वावरांची, पाणवठ्यांची नावं कुठल्या फलकावर आली?

पानशेतचंच बघा. १२ जुलै १९६१ ला, काम पुरं व्हायच्या आतच, ते धरण फुटलं. पाण्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत हाहाकार उडाला. जुने पुणेकर आजही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असा काळ मोजतात. पुण्यात ‘पानशेत’ म्हटलं की पूरच आठवतो, आणि ते बरोबरच आहे. ज्याचं बुडालं त्याच्या डोळ्यांपुढून ते कसं हलेल? पण त्याच नावाचं एक गाव होतं, धरणासाठी घरदार सोडून गेलेली माणसं होती. त्यांच्यापैकी कित्येकांची बिऱ्हाडं दौंडच्या बाजूला जाऊन पडली. धरण पुन्हा उभं राहिलं, पुण्याचे नळ वाहू लागले आणि या माणसांच्या बाबतीत ‘गरज सरो, वैद्य मरो’ झालं.

यातच आठवणीचा सगळा हिशेब आहे. ज्याचं गेलं, तो काळजावर कोरून ठेवतो. ज्याचं भागलं, तो गंगेला मिळालं म्हणून मोकळा होतो. विसरणाऱ्याला विसरल्याचं ओझं नसतं, म्हणून त्याला कोणीतरी आठवण करून द्यावी लागते.

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण मुलांना शिकवतो. मग पुण्याच्या माणसाने पानशेत-वरसगावच्या पाण्याला जागावं, आणि नीरेच्या कालव्यांवर ऊस पिकवणाऱ्याने भाटघरच्या. पावसाळी सहलीला त्या बाजूला गेलात, तर भजी खाऊन परत फिरू नका. एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याजवळ बसा, पाण्याखाली गेलेल्या वाडीचं, शेताचं नाव विचारा आणि वहीत उतरवून घ्या. सांगणारे आज आहेत.