एकदाच लिहिणारं यंत्र

वसईतल्या नंदाखालच्या आमच्या घरी दोन वस्तू जपून ठेवल्या होत्या. मामांनी कुवेतहून आणलेला मारँट्झचा डीआर-१७ सीडी रेकॉर्डर आणि आई-मावश्यांनी कादोडी बोलीत गायलेल्या लग्नगीतांच्या कॅसेट. वसईच्या दमट हवेत फितींना बुरशी धरू लागली, तेव्हा ती गाणी सीडीवर उतरवायचं मी मनावर घेतलं. रेकॉर्डिंगशी माझा त्याआधी काहीच संबंध नव्हता.

पहिला पेच कोऱ्या सीडीपाशीच पडला. कॉम्प्युटरला चालणारी सीडी यंत्राने घेतलीच नाही. घरगुती रेकॉर्डरला खास ‘ऑडिओ’ सीडी-आर लागते. तिच्यात तशी खूण कारखान्यातच घातलेली असते. काही देशांत तिच्या किमतीत कलावंतांसाठीचं शुल्क धरलेलं असे, म्हणून हा बंदोबस्त. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घातल्यावर थोड्या सीडी हाती लागल्या.

रेकॉर्डचं बटण दाबलं, तर पडद्यावर ‘ओपीसी’ अशी अक्षरं आली आणि यंत्र गप्प! माझ्या पोटात गोळा आला. रेकॉर्डिंगच्या धंद्यात मुरलेल्या एका शेजारीकाकांनी उलगडा केला. लेझर आधी सीडीच्या आतल्या कडेच्या राखीव जागेत चाचणी घेतो आणि या सीडीला किती शक्ती लागेल ते ठरवतो. सीडी-आरच्या रंगथरावर एकदा उमटलं की पुसता येत नाही. सर्पिल रेघेच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर जेमतेम १.६ मायक्रॉन असतं. लिहिता लिहिता लेझर ढळला, तर ती जागा कायमची गेली.

हे कळल्यावर यंत्राच्या बांधणीचा अर्थ लागू लागला. वायर काढून काकांनी वरचं झाकण उघडलं. आतला पत्रा तांब्याच्या मुलाम्याने लालसर चकाकत होता. विजेचा गोंगाट आवाजात शिरू नये, म्हणून ही काळजी. इतक्या वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानंतरही स्क्रू सहज फिरले, ट्रे न अडखळता आत गेला. फिलिप्सने १९९७ मध्ये सीडीआर ८७० हा घरगुती रेकॉर्डर आणला, तेव्हा घरी सीडी लिहिणं आवाक्यात येऊ लागलं. मारँट्झ त्या काळी फिलिप्सच्याच घराण्यातली. पण आमच्या डीआर-१७च्या बांधणीवर केलेला खर्च डोळ्यांना दिसत होता.

साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात, घाई चालत नाही. शेवटी ‘फायनलाइज’ करावंच लागतं. सुरुवातीच्या भागात गाण्यांची अनुक्रमणिका लिहिली गेल्याशिवाय साधा प्लेअर ती सीडी वाचत नाही.

आता मावश्यांचा आवाज सीडीवर आहे, कॉम्प्युटरमध्येही त्याची प्रत ठेवली आहे. रंगथरही जन्मभर टिकेलच असं नाही. आपल्या घरी असा रेकॉर्डर पडून असेल, तर भंगारात घालू नका. ज्या कामात दुसरी संधी नाही, त्यासाठीच तो इतका निगुतीने घडवलेला आहे.